पोरगी कुठंच चालली नाही

"मॅडम, तुमची स्टुडंट जेन्युइन वाटत नाही. तिचे वडील म्हणतात, मुलगी कुठंच चालली नाही."

फोन मुंबईहून होता. ब्रिटनमधल्या एका युनिव्हर्सिटीचं तिथं ऑफिस आहे. प्रवेश पक्का करण्याआधी ते घरी फोन करून खातरजमा करतात. त्याला व्हेरिफिकेशन कॉल म्हणतात. स्पॉन्सरला, म्हणजे खर्च उचलणाऱ्याला, साधे प्रश्न असतात. मुलगी काय शिकायला चालली, खर्च कोण करणार. भाग्यश्रीचे वडील पहिल्याच प्रश्नाला 'नाही' म्हणून मोकळे झाले होते.

"उद्या आम्ही प्रवेश बंद करतोय," पलीकडचा म्हणाला. "तोवर वडील नीट बोलले नाहीत, तर सीट दुसऱ्याला जाईल."

शहाद्यात माझं ऑफिस आहे. सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना परदेशी शिकायला जायला मी मदत करते. संशय हे या धंद्यातलं भांडवल. मी विकत आणलेली मार्कशीट पाहिली आहे आणि भाड्याने आणलेला काकासुद्धा. भाग्यश्री सारंगखेड्याची, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, रोबोटिक्स शिकायला निघालेली. तिच्यावर मी कधी शंका घेतली नव्हती. म्हणूनच आता राग जास्त आला.

तिला फोन लावला. "वडिलांना न सांगता अर्ज केलास?"

"नाही मॅडम. आप्पांना सगळं माहीत आहे."

"मग ते खोटं का बोलले?"

तिने उत्तर टाळलं. हळूच म्हणाली, "तुम्ही घरी येता का?"

उत्तर टाळणाऱ्या स्टुडंटवर माझा विश्वास नसतो. मी एसटी स्टँड गाठला आणि सारंगखेड्याची बस पकडली.

उतरल्यावर घर विचारायला चहाच्या टपरीवर थांबले. टपरीवाला म्हणाला, "आप्पानी पोर ना? तिनं ते लगीन जमी गयं म्हने. मोठी बॅग लयी, सुटर लयं."

लग्न जमलं, बॅग घेतली, स्वेटर घेतला. सगळं जुळत होतं. पोरीला शिकायचंय आणि बापाने परस्पर लग्न ठरवलंय. आमच्याकडच्या लग्नात स्वेटर कोण घेतं, हे मात्र मला सुचलं नाही. संशय आला की डोकं एकाच दिशेने पळतं.

आप्पा दारात घोडीला खरारा करत होते. घोड्यांचा व्यापार हाच त्यांचा धंदा. शेजारी एक गिऱ्हाईक उभं होतं. मी थेट विचारलं, "आप्पा, भाग्यश्री परदेशात चालली आहे की नाही?"

"कोन परदेश?" आप्पा घोडीकडे बघत म्हणाले. "मन्ही पोर कोठेच नही जाई ऱ्हायनी."

तोंडावर खोटं! मी भडकलेच. "पोरीच्या आयुष्याशी खेळताय तुम्ही!"

त्यांनी गिऱ्हाइकाला वाटेला लावलं, मला तबेल्यामागे नेलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, सौदा पक्का व्हत नही तवलगून तोंड उघाडानं नही. घोडी इकानी ऱ्हास तरी म्हनानं, इकानी नही. बोललं का नजर लागस, सौदा मोडस."

"म्हणजे विकायची घोडीसुद्धा 'विकायची नाही' म्हणायचं! आणि लग्नाचं काय?"

"बॅग लयी ते लोके इचारेत. काहीतरी सांगनं पडस ना."

हसावं की रडावं कळेना. "अहो, पण युनिव्हर्सिटीला तरी खरं सांगायचं!"

"फोनवरला मानूस कोन, कोनले ठावकं? आते तुम्हीच सांगा, व्हिसा पक्का शे का?"

इथे माझी पंचाईत झाली. व्हिसाची हमी मी कुणालाच देत नाही. "ते कुणीच सांगू शकत नाही, आप्पा."

"मंग मी कसं काय सांगू?"

भाग्यश्री मागे येऊन उभी होती. तिने बापाच्या खांद्यावरचा पंचा ओढला आणि दोघांच्या हातांवर टाकला. घोड्यांच्या बाजारात भाव असाच ठरतो, पंच्याखाली बोटं दाबून, भोवतीच्यांना कळू न देता. एकदा हात मिळाला की व्यापारी शब्द फिरवत नाही.

"आप्पा, सौदा मन्हासंगे कर," ती म्हणाली.

पंच्याखाली काय ठरलं ते मला दिसलं नाही. आप्पांचा चेहरा तेवढा दिसला. बाजारात कुणाला थांग लागू न देणारा तो माणूस, पण त्याचे डोळे भरून आले.

"द्या फोन," ते म्हणाले.

मी मुंबईला फोन लावून दिला. आप्पांनी आधी भिंतीपलीकडे कुणी नाही ना ते बघितलं. मग कुजबुजले, "हां साहेब, जाई ऱ्हायनी. रोबोट शिकाले. खर्च मी करसू. पन कोनले सांगू नका."

"सर, थोडं मोठ्याने बोला," पलीकडून आवाज आला. आप्पांनी नुसतीच मान हलवली. त्या बिचाऱ्याने तेवढ्यावर भागवलं.

सीट राहिली. व्हिसाही आला. भाग्यश्री गेली. तेव्हापासून नवीन पालक आले की मार्कशीट बघायच्या आधी मी विचारते, "गावात काय सांगितलंय?"

परवा शहाद्याच्या स्टँडवर आप्पा भेटले. माझ्यासोबत सारंगखेड्याचेच एक पालक होते. त्यांनी विचारलं, "काय आप्पा, हाल्ली पोर दिसत नही?"

"मामाकडे शे," आप्पा म्हणाले. डिग्री अजून हातात यायची होती.

त्या गृहस्थांनी संशयाने माझ्याकडे बघितलं. "खरंच का मॅडम?"

"हो ना," मी म्हणाले. "मामाकडेच आहे. तिकडे थंडी फार आहे म्हणे."