खंडेनवमीची बॅट

जवसाच्या तेलाचा वास आला की मला लीड्समधलं एक देवघर आठवतं. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. मी युनिव्हर्सिटीच्या क्रिकेट टीममध्ये होतो आणि मराठी मंडळातल्या एका काकांच्या फार्मसीचं नाव आमच्या शर्टांवर असायचं. खंडेनवमीला त्यांनी मला घरी बोलावलं. देवासमोर कोरी बॅट मांडलेली, तिला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. स्पॉन्सरकडून काही घेतलं तर फॉर्मवर लिहून द्यायचं, नाहीतर सीझनभर बाहेर, हा नियम मी त्यांना चाचरत सांगितला. "अरे, देवाचा प्रसाद समज. प्रसाद कोणी डिक्लेअर करतं का?" म्हणून ते हसले, बॅट माझ्या हातात ठेवली, आणि मी वाकून नमस्कार केला. फॉर्म भरलाच नाही. हिवाळाभर त्या बॅटला तेल चोळलं. एप्रिलमध्ये, पहिल्या मॅचच्या आधी, कॅप्टनने माझ्यासमोर तक्रारीचं पत्र ठेवलं. "मी भेट दिली, याने ती लपवली," असं त्यात लिहिलं होतं आणि खाली काकांचीच सही होती. माझ्या जागी, आमच्याच टीममध्ये राखीव असलेला त्यांचा मुलगा खेळला. मी तडक फार्मसीत गेलो, तर काउंटरपलीकडून काका शांतपणे म्हणाले, "बाळा, या देशात रूल्स म्हणजे रूल्स." बॅट तिथेच आपटून आलो. काल मुलीच्या नव्या बॅटला तेल लावताना तो वास आला आणि पुन्हा डोकं फिरलं. बॅट परत करता आली. वाकून केलेला तो नमस्कार मात्र अजून त्या माणसाकडेच आहे.