चहात तवकीर

आमची मुलगी जपानमध्ये म्हाताऱ्यांना जेवू घालते. हे मी भावकीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा थोरल्या भावानं विचारलं, "तितल्या म्हाताऱ्यांना हात न्हाईत व्हय?" मला राग आला, पण उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. बारामतीला नर्सिंग, मग पुण्यात भाषेचा क्लास, आणि तिथून थेट तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरी. पोरगी कामाला लागली, एवढंच मी समजून होतो.

उत्तर कळलं ते बायकोला अर्धांगाचा झटका आला तेव्हा. बारामतीच्या दवाखान्यातून पंधरा दिवसांनी तिला इंदापूरच्या घरी आणलं. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, आणि पाणी पाजलं की ठसका लागायचा. असा ठसका, की डोळे पांढरे व्हायचे. "जपून पाजा," एवढं सांगून डॉक्टर मोकळे झाले होते. मुलगी फोनवर व्हिडिओ लावून बघत होती. मी आईच्या तोंडाला चहाचा कप लावलेला तिनं पाहिला आणि ती ओरडली, "आण्णा, थांबा! च्या खाली ठेवा आधी."

मग तिनं मला शिकवलं. पातळ घोट झरकन उतरतो. दुबळ्या गळ्याला तेवढ्यात श्वासनळी झाकता येत नाही, आणि चहा छातीत जातो. तिच्या आश्रमात म्हणून चहा, पाणी, सार, सगळं घट्ट करून देतात. चमचा वरून आणायचा नाही, खालून आणायचा. वरून आला की मान वर होते. हनुवटी खाली. आपण उभं राहायचं नाही, समोर बसायचं, डोळ्याला डोळा. हे सगळं ती दिवसाला दहा जणांना करते. "दुसऱ्यांच्या आयांना मी जेवू घालती आण्णा, आन माझ्या आईला तुमी," असं म्हणून ती एकदाच रडली. सुट्टी दिवाळीशिवाय मिळणार नव्हती.

मी वालचंदनगरच्या कारखान्यात अडतीस वर्षं लेथवर काढलेली. मापाचं काम म्हटलं की मला हुरूप येतो. मुलीनं घट्ट करायची पावडर धाडली ती महिन्याभरात संपली आणि दुसरं पार्सल कुठं तरी अडकलं. तेव्हा तिनं सांगितलं की जपानमध्ये आजाऱ्याला एका वेलीच्या मुळाचं पीठ शिजवून पाजतात. कुझू म्हणतात त्याला. मी म्हटलं, ही तर आपली तवकीर! उपासाला आणतो तीच. दुकानातून पाव किलो आणली आणि प्रयोग सुरू केले. कपाला किती चमचे, उकळी किती, चमच्यातून थेंब किती वेळानं सुटतो, सगळं वहीत. मुलीनं एक बजावलं, "पिठानं घट्ट केलेलं थुंकीनं परत पातळ हुतं. तोंडात धरून बसू देऊ नका तिला." तेही लिहिलं.

हळूहळू मी जपानी स्वयंपाकी झालो. एक वाटी तांदळाला दहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर तासभर शिजवायचं, त्याला ओकायू म्हणतात. शेजारीण म्हणाली, ही पेज हाय की. असेल, पण पेज करतात भूक भागवायला. ह्यात दाणा जिभेनं दाबला की मोडला पाहिजे, नाहीतर पुन्हा गॅसवर. त्यावर मुलीच्या पहिल्या पार्सलातली उमेबोशी, म्हणजे खारवलेलं एक आंबट फळ, नखाएवढं कुस्करून. बायकोनं ते पहिल्यांदा चाखलं तेव्हा तिचा चांगला डोळा मिटला आणि वाकड्या तोंडानं ती म्हणाली, "लोणचं." दोन महिन्यांत तिला पहिल्यांदा कशाची तरी चव लागली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

वाटीत वाफवलेलं अंडं तिला आवडायचं. भाजलेल्या पानांचा बिनदुधाचा चहा, होजिचा, तो मात्र तिनं फुर्र करून माझ्या अंगावर उडवला. "जळकं पानी," म्हणाली. मला हसू आलं, कारण मी चोरून प्यायलो होतो तेव्हा माझंही मत तेच झालं होतं.

मुलीनं एकदा आश्रमातल्या ताटाचा फोटो पाठवला. गाजर, मासा, घेवडा, सगळं जिथल्या तिथं. म्हणाली, सगळं वाटलेलं हाय आण्णा, वाटून परत त्याच आकाराचं लावतात. का? तर माणसाला आपण काय खातोय ते दिसलं पाहिजे. हे मला फार पटलं. दुसऱ्या दिवशी मी भाकरी दुधात भिजवून वाटली, तवकिरीबरोबर शिजवली, ताटलीत गोल थापली, आणि सुरी तापवून वर भाजल्याचे डाग पाडले. बाजूला घोटलेलं पिठलं. तिनं बघितलं, डावा हात हळूच भाकरीवर ठेवला आणि हात तसाच ठेवून रडायला लागली. खाल्ली मात्र सगळी.

अशा आमच्या संसारात शत्रू एकच होता, भेटायला येणारी माणसं. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला आलेला माणूस घरच्यांनी केलेला चहा घेतो आणि आपल्या बशीतला घोटभर आजाऱ्याला पाजतो. त्याशिवाय भेट पुरी होत नाही. मी प्रत्येक बशी अडवली. माझी थोरली वहिनी रुसली, मेव्हणा म्हणाला, दाजी पार जपानी झालं. होऊ दे. सात महिन्यांत तिच्या छातीत एकदाही कफ झाला नाही, ह्याचा मला कोण अभिमान! मी तो गावभर मिरवला.

पण तिचा जीव चहात होता. तवकिरीचा नाही, आलं ठेचलेला, गोडमिट्ट, पातळ, बशीत ओतून फुर्र करून प्यायचा. सकाळी शेजारच्या घरातून चहाच्या आधणाचा वास आला की ती माझ्याकडं बघायची.

"आवो, च्या द्या की."

"देतो की." मी वाटी पुढं करायचो.

"ह्यो न्हाय. च्या."

रोज. मी रोज समजवायचो, ठसका लागंल, छातीत जाईल, दिवाळीला पोरगी येणार हाय, तवर दम धर. ती मान फिरवायची. एकदा म्हणाली, "येक घोट. मग मेले तर मेले." मी तिच्यावर ओरडलो. आजाऱ्या बाईवर ओरडलो. सात महिने हातानं भरवलं हे खरं, आणि ओरडलो हेही खरं.

दसरा झाला आणि तिचं जेवण कमी झालं. दोन चमच्यांवर तोंड मिटायची, दिवसभर झोपायची. मी वहीत प्रमाण बदलून बघत होतो. पेज जरा पातळ करावी का, उमेबोशी वाढवावी का. मुलीनं व्हिडिओवर आईला बराच वेळ पाहिलं. पावलं दाखवा म्हणाली, मी दाखवली, गार पडून निळसर झालेली. मग एकदम तिच्या आश्रमातलं काहीतरी सांगायला लागली.

"आमच्याकडं एक आजोबा हायेत, आण्णा. त्यांना काल बिअर दिली."

"बिअर? घट्ट करून?"

"न्हाय. तशीच. काडीला बारका स्पंज असतो, तो बुडवून जिभेला लावली. त्यांनी मागितली म्हनून. आमच्यात येका टायमाला देतात मागंल ते." मग म्हणाली, "तुमी पन आईला द्या की च्या. तिला पायजे तसा."

मी चिडलो. "आगं, तूच नियम घालून दिलास ना? सात महिनं काटेकोर केलं, आन आता मधीच बदलतीस? दिवाळी आठ दिवसांवर आली. येऊन बघ, मग ठरवू."

ती हो म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं अशी पावलं कितीदा तरी पाहिली होती. तिला कळलं होतं. पण आई चालली असं बापाच्या तोंडावर म्हणायचं नसतं, अभद्र बोलायचं नसतं, हे तिला आम्हीच शिकवलेलं. म्हणून तिनं ते बिअरच्या आजोबांच्या आडून सांगितलं. आणि मी, घट्ट करून का, असं विचारणारा शहाणा! पोरीनं चहाचा कप माझ्या हातात आणून दिला होता, आणि मी वही उघडून बसलो. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही. कोणी माफ कर म्हणूही नये.

दोन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी तवकीर घालून चहा ढवळत असताना तिच्याजवळ बसलेल्या वहिनीनं आतून हाक मारली. मी गेलो तोवर श्वास लांब लांब झाले होते. मुलीला फोन लावला आणि उशाशी उभा करून ठेवला. ती तिकडून आई, आई करत होती. एक श्वास आला, आणि पुढचा आलाच नाही.

वहिनीनं तुळशीचं पान आणलं, भांड्यात पाणी घेतलं आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला. मी वहिनीचं मनगट धरलं.

"थांबा. पातळ हाय ते. ठसका लागंल तिला."

तोवर जमलेले सगळे माझ्याकडं बघायला लागले. वहिनीचा हात तसाच राहिला. तेव्हा फोनमधून मुलगी म्हणाली, "आण्णा, सोडा हात. आता चालतंय."

मी हात सोडला. वहिनीनं पाणी घातलं. मी बायकोच्या गळ्याकडं बघत बसलो. पाणी ओठाच्या कडेनं उशीवर उतरलं. ठसका आला नाही.