एकच प्रत

शंभर जणींनी एकच ओळ म्हटली, तर तो आवाज एक की शंभर? लहानपणी मला याचं उत्तर पाठ होतं: शंभर. पुढे काय केलं, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, तात्यापारा मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत कायम शाईचा वास असायचा. बाबा चळवळीची पत्रकं छापून आणायचे, आम्ही जमिनीवर बसून घड्या घालायचो. गुढ़ियारीच्या शकुनकाकू पोस्टरांसाठी खळ शिजवायच्या आणि मला दटावायच्या, "पोट्टी, खळ चाटून राहिली का वं? आतडी चिकटतीन!" मजकूर एक, हात हजार, असं बाबा म्हणायचे. ती ऊब मला अजून आठवते — आणि म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

मोठी झाले, एका सरकारी कार्यालयात लागले. लोकांच्या तक्रारींचे ईमेल सांभाळायचे. प्रत्येक ईमेलची वेगळी फाइल, अशा लाखो. काही शोधायला गेलं की सर्व्हर धापा टाकायचा. मी सगळं डेटाबेसमध्ये हलवलं. सारखा मजकूर पुन्हा पुन्हा कशाला साठवायचा? एकच प्रत पुरे. पण ती कुणाकुणाची, याचा वेगळा तक्ता हवा होता — घाईत मी तो केलाच नाही.

तेव्हाच गुढ़ियारीचा दवाखाना हलवायचं घाटत होतं. तिथल्या बायांनी आमच्या कार्यालयाला विरोधाचे ईमेल पाठवले. मजकूर मीच लिहून दिला होता. सगळ्यांना एकच. घरची सवय!

बैठकीत साहेबांनी विचारलं, "कितनी शिकायतें हैं?"

स्क्रीनवर एक होती. सगळ्यांत आधी आलेली, शकुनकाकूंची. बाकीच्या त्या एकाच प्रतीत गडप झाल्या, हे मला त्याच क्षणी कळलं. जुन्या फाइली अजून पुसल्या नव्हत्या. उघडून दाखवायला कितीसा वेळ लागला असता? पण मग चूक माझी निघाली असती.

"एक, सर," मी म्हणाले. नंतर जुन्या फाइलीही पुसल्या.

दवाखाना लांब भनपुरीला गेला. "काहून वं, बाकीच्या जणींनी पाठवलंच नाही का?" काकूंनी विचारलं. 'नाही पाठवलं,' अशा अर्थी मी मान हलवली. त्या दिवसापासून काकू शेजारणींशी बोलत नाहीत. गुडघे धरून एकट्याच भनपुरीच्या ऑटोत चढतात.

तुम्ही कुठे मिळून तक्रार पाठवाल, तेव्हा तयार मजकुरावर एक ओळ स्वतःची लिहा — तुमचं नाव, तुमचा मोहल्ला, तुमचं दुखणं. आणि नंतर जाऊन विचारा, "आमच्या किती पोचल्या?" उत्तर "एक" आलं, तर तिथून उठू नका.