जत्रेच्या सीनमध्ये कोण कोण होतं

संशोधनाचं एक बरं असतं. कामाचं सगळं अहवालात जातं, अहवाल कपाटात जातो आणि कपाटाची किल्ली हरवते! बाहेर उरतात ते किस्से. आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजातल्या माध्यम विभागात ते इतके साठलेत की नव्या प्राध्यापकाला आधी चहा मिळतो, मग किस्से आणि टाइमटेबल सगळ्यात शेवटी.

यातले बहुतेक इंगवले सरांच्या प्रोजेक्टचे. सर आमचे विभागप्रमुख होते. सिनेमा माणसाची ओळख कशी घडवतो, हा त्यांचा विषय. हिरो-हिरॉइनवर सगळेच लिहितात, म्हणून सरांनी निवडली गर्दी! एके काळी कोल्हापूरच्या आसपास एवढी शूटिंगं व्हायची की गावोगावची माणसं कुठं लढाईला, कुठं दरबारात, कुठं जत्रेत उभी राहून आलेली. ती शोधायची आणि बोलती करायची. मी तेव्हा सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. तिसरे आमचे शिपाई बंडूमामा, रेकॉर्डर धरायला.

*

पहिली मुलाखत हातकणंगल्याजवळ. सरांनी प्रश्नावली काढून वाचलं, “पडद्यावरील सहभागामुळे आपल्या आत्मप्रतिमेत कोणते परिवर्तन घडले?”

समोरच्या आजोबांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, “पावणं, च्या घेनार काय?”

चहा झाला. सरांनी प्रश्न पुन्हा वाचला. आजोबांनी पुन्हा चहा टाकायला सांगितला!

शेवटी बंडूमामांना राहवेना. “आजोबा, सिनेमात हुबं ऱ्हायलासा, त्येनं गावात वट वाढली काय, असं इचारायलेत सर.”

“मग असं मराठीत इचारा की!” आजोबा म्हणाले आणि तासभर बोलायचे थांबलेच नाहीत.

परतताना सरांनी प्रश्नावली बंडूमामांच्या हातात दिली. “मामा, उद्यापासून प्रश्न तुम्ही विचारायचे. रेकॉर्डर मी धरतो.” आणि खरंच धरला हो, शेवटपर्यंत! विभागप्रमुख असून. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

*

नेसरीचे तात्या म्हणजे ऐतिहासिक सिनेमातले सैनिक. “अकरा डाव मेलोय मी,” त्यांनी छाती फुगवून सांगितलं.

“कुणाच्या बाजूनं?” बंडूमामा.

“सकाळी आपल्या, दुपारच्याला गनिमाच्या. पगडी बदलायची नि पडायचं!”

मग त्यांनी अंगणात मरून दाखवलं. पोटात भाला लागला, तीन गिरक्या घेतल्या आणि धाडकन पडले. सरांनी टाळ्या वाजवल्या. तात्या काही उठेनात. मी घाबरून पाणी मागायला आत धावले.

काकींनी चुलीवरून मानही वळवली नाही. “काय झालं न्हाय बाई. म्हशीची धार काढायची येळ झाली की ह्ये असंच मरतंय!”

*

गारगोटीत एक अण्णा भेटले. तरुणपणी एका सिनेमात राजाच्या सिंहासनामागं दोन दिवस हात बांधून उभे होते, तेवढंच काम. तेव्हापासून गावात कुठलीही सभा असो, अण्णा अध्यक्षांच्या खुर्चीमागं हात बांधून उभे! किती सरपंच आले, किती गेले. अण्णा जागचे हलले नाहीत.

सरांनी विचारलं, “अण्णा, तुम्हाला कधी खुर्चीत बसावंसं नाही वाटलं?”

अण्णा सरांना वेड्यात काढल्यासारखे हसले. “खुर्चीवरचं बदलतंय की हो!”

*

आक्काताई गारगोटीच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. लग्नाला वर्ष झालं असेल, तेव्हा पलीकडच्या गावच्या माळावर जत्रेच्या सीनचं शूटिंग होतं. “आत्याबाई मला म्हनल्या, मी रानात जातो, तू भाकरी टाकून ठेव.” आत्याबाई म्हणजे त्यांची सासू. भिंतीवर त्यांचा फोटो होता. फोटोतूनसुद्धा बघणाऱ्याला जाब विचारतील अशा!

सासू रानात गेली आणि आक्काताई समोरच्या घरातल्या सोनाबाईला घेऊन थेट माळावर. अर्धा दिवस कासाराच्या दुकानापुढं बांगड्या भरत उभ्या राहिल्या. सासू यायच्या आत घरी येऊन भाकरीही टाकल्या.

“सांजच्याला आत्याबाई रानातनं आल्या आन् पयलंच बोलनं काय? ‘बांगड्या लई भरल्यास की गं आज!’”

त्या दिवसापासून आक्काताईंना सिनेमा बंद. तो सिनेमा कोल्हापूरला लागला तेव्हा नवरा न्यायला तयार होता, तर सासूनं अन्नपाणी सोडलं. घरातलं एकही माणूस जाऊ दिलं नाही. सिनेमा आठवड्यात उतरला आणि गावापर्यंत आलाच नाही.

“चुगली केली कुनी पन?” बंडूमामा.

आक्काताईंनी दाराबाहेर बोट केलं. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. “माझ्यासंगट ती सोनाच एकली होती. दुसऱ्या कुनाला ठावं हाय? देवाची आन घेऊन न्हाय म्हनती. तवापास्नं बोललो न्हाय मी तिच्यासंगं.”

पन्नास वर्षांच्या वर झाली होती! दोघींच्या दारांत दहा पावलांचं अंतर.

निघताना त्यांनी सरांचा हात धरला. “पोरास्नीबी खरं वाटत न्हाय मी सिनेमात होतो त्ये. डोळं मिटायच्या आत एकदा दावा की.”

*

आमचा अहवाल तपासायला बाहेरगावचे एक तज्ज्ञ आले होते. सगळं चाळून म्हणाले, “पण यातलं एक तरी माणूस पडद्यावर खरोखर दिसतं का?”

चहा ठेवता ठेवता बंडूमामा म्हणाले, “सायेब, दिसायला न्हाय हो, बघायला गेलती ती!”

तज्ज्ञ हसून चहाकडे वळले. सरांच्या मनाला मात्र तो प्रश्न लागला. सर रिटायर झाले, तरी आक्काताईंचा सिनेमा शोधायचं त्यांनी सोडलं नाही. टॉकीजच्या एका जुन्या ऑपरेटरच्या माळ्यावर डबे सापडले. अर्धी रिळं चिकटलेली होती, पण जत्रा शाबूत होती! ती पेनड्राइव्हवर घेऊन आम्ही तिघं आक्काताईंकडे गेलो. सरांनी आठवणीनं रेकॉर्डर घेतला होता.

*

भर दुपार होती. थोरल्या मुलानं दारं लोटली, पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आक्काताई नवं लुगडं नेसून पुढ्यात बसलेल्या. जत्रा सुरू झाली. माणसंच माणसं. मग कासाराचं दुकान आलं. कासाराच्या मुंडाशाआडून कोपरापर्यंत एक हात पुढं आला.

“ह्यो! ह्यो बघा माझा हात!” आक्काताई ओरडल्या.

“आई, हात कुनाचाबी आसंल की,” मुलगा म्हणाला. मला त्याचा असा राग आला!

तेवढ्यात कॅमेरा दुकानावरून वर सरकला. मागं लाकडी पाळणा फिरत होता. सगळ्यात वरच्या पेटीत एक बाई होती. पदर उडालेला, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरलेला आणि तोंड भरून हसत खाली दुकानाकडे बघत होती.

मुलानं टीव्हीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

“मागं घे,” आक्काताई म्हणाल्या. त्यानं मागं घेतलं. “आजून एकदा.” चार वेळा पाहिलं. स्वतःचा हात आला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“आत्याबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “पाळण्यात!”

सरांच्या हातातला रेकॉर्डर चालूच होता. आक्काताई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दार उघडलं.

“माझ्या चपला कुठं हाईत रं?”

“आई, ह्या उनात कुठं निघालीस?”

“सोनाकडं.”