कुत्रीची गाठ आणि अळंबीची पूड

आमच्या कुत्रीच्या पोटाखाली सडाजवळ गाठ आली. आधी हरभऱ्याएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. मी पुण्याला राहणाऱ्या माझ्या मुलीला फोनवर सांगितलं. ही कुत्री पिल्लू असताना तिनेच आणलेली. गाठ कापायचं नाव काढलं की मुलगी रडते. तिने कुरियरने डबा पाठवला. औषधी अळंबीची पूड, खास कुत्र्यांसाठी.

अळंबी आम्हाला नवी नाही. श्रावणात वारुळाच्या कडेची आणून कालवण करतो. पण लाकडावर उगवलेलीला आम्ही हात लावत नाही, आणि ही तीच. कुत्रीनेही वास घेऊन तोंड फिरवलं. मग मी दुधात भाकरी कुस्करून, सुकटीचा चुरा टाकून त्यात पूड कालवायला लागले. सकाळ-संध्याकाळ. त्याआधी तिला सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेली भाकरी मिळायची, तीही उरली तर.

कुत्री तरतरीत झाली. केस चमकायला लागले. शेजारी राहणारी माझी जाऊ गुडघे चोळत म्हणाली, "बाई, चिमूटभर मलाबी दे की. भुंकाया लागले तर बांधून घाल."

मुलीला फोनवर कुत्री खाताना दाखवली. "बघ आई, लागू पडलं!" ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. आमच्याकडे जनावराने वैरणीला तोंड लावलं की ते बरं झालं. दुसरी परीक्षा कुणी करत नाही. गाठ कुणी चाचपलीच नाही.

पुढे गाय तपासायला जनावरांचे डॉक्टर आले, त्यांना कुत्री दाखवली, पूड कशात कालवून देते तेही सांगितलं. गाठ पेरूएवढी झाली होती.

"आजी, पुडीने बिघडणार काही नाही. पण गाठ विरघळणार नाही, कापून काढावी लागेल. थांबलात तर आत पसरेल."

"मग ही एवढी टवटवीत कशी?"

"दूध आणि सुकट मिळाल्यावर कोण टवटवीत होणार नाही?"

मी लगेच मुलीला फोन लावला.

"आई, डबा संपेपर्यंत थांब ना. तिचं वय झालंय. भूल सोसली नाही तर?"

"माझंबी वय झालंय. मला गाठ आली तर पूडच पाठवशील का?"

ती म्हणाली, "मी येते."

भूल द्यायची म्हणून ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कुत्रीला उपाशी ठेवलं. ती चुलीपाशी बसून माझ्या हाताकडे बघत होती. मुलीने तिला उचलून जीपमध्ये ठेवताना पोटाखाली हात घातला आणि थांबली.

"एवढी मोठी?"

"एवढी."

तालुक्याच्या दवाखान्यात गाठ काढली. कुत्री वाचली. पुन्हा होणारच नाही, असं डॉक्टर म्हणत नाहीत. डबे अजून येतात. लांब राहणाऱ्याला काहीतरी पाठवावंसं वाटतं, ते मला कळतं. मी पूड घालते. आणि दर बाजारच्या दिवशी कुत्रीला उताणी करून पोट चाचपते.