जेंट्स टेलरची मेंदी

आमच्या शेजारच्या चाचांइतका नीटनेटका माणूस सबंध कामरगावात दुसरा नसेल, आणि त्या नीटनेटकेपणाने मी जितका दमलो तितकी त्यांची बायकोही दमली नसेल. चाचांनी बाजारात पन्नास वर्षं जेंट्स टेलरचं दुकान चालवलं. नजर कमजोर झाली तसं दुकान मुलाकडे दिलं आणि मोकळे झालेले हात आमच्या दोन अंगणांमधल्या मेंदीच्या कुंपणाकडे वळवले. माळ्याची कात्री त्यांना चालत नसे. कापड बेतायची मोठी कात्री हातात, टेप गळ्यात आणि खडू कानावर अशा थाटात ते रोज सकाळी अंगणात उतरत. खडू मेंदीवर उमटत नाही हे त्यांनाही कळत होतं, पण कान रिकामा असला की हात चालत नसे. मी धनजच्या शाळेसाठी सातची जीप धरायला निघालो की हटकून हाक येई, "गुरुजी, जरा लेव्हल पाहून सांगा बरं." मी एक डोळा मिटून लेव्हल पाहीपर्यंत जीप निघून गेलेली असे.

वरून ते कुंपण खरोखर बघण्यासारखं होतं. खांदे भरलेले, माथा पाटासारखा सपाट. खाली मात्र गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत नुसत्या काटक्या. त्या उघड्या जागेतून चाचींच्या कोंबड्या आमच्याकडे येत आणि मेथीचा वाफा उकरत बसत. शाळेतून थकून आलो की पाय धुण्याआधी कोंबड्या हाकायच्या, हा माझा नेम झाला. तक्रार केली की चाचा लगेच उपाय काढत. आधी त्यांनी बोरीच्या काट्या कोंबल्या, त्या चाचींच्याच पायात रुतल्या. मग शेणखत घातलं, तर माथाच तेवढा फोफावला. शेवटी दुकानातल्या उरल्यासुरल्या हिरव्या कापडाची लांबलचक झालर शिवली, वरून नाडी ओवली आणि मेंदीच्या बुडाशी बांधून टाकली. "आता इज्जतबी झाकली अन् कोंबडीबी थांबली," म्हणाले. तिसऱ्या दिवशी कुणाची तरी बकरी ती झालर नाडीसकट खाऊन गेली.

माझी बायको आसेगावची, बागायतदाराची मुलगी. इतके दिवस ती गप्प होती. त्या दिवशी कुंपणापाशी जाऊन म्हणाली, "चाचा, तुमी वरतून रुंद ठेवता अन् खालतून आवळता. खाली ऊनच पडत नाही, मंग पान फुटन कसं? पावसाच्या तोंडावर वीतभर ठेवून सारं कापा. मंग वाढलं की खाली घेर ठेवा, वरतं निमुळतं करत न्या. घागऱ्यावानी."

"घागरा?" चाचांनी कात्री खाली ठेवली. "बेटी, मी जेंट्स टेलर हाय."

हे ते गमतीने म्हणत नव्हते. स्वतःच्या मुलीच्या लग्नातदेखील त्यांनी बायकांच्या कपड्याला कात्री लावली नव्हती. चाचींना कारंज्याला जाऊन सगळं शिवून आणावं लागलं होतं. पुढे महिनाभर ते आमच्याशी बोलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला सातची जीप रोज मिळू लागली.

मग एका दुपारी आमच्या वाफ्यातल्या कोंबड्या हाकायला चाची त्या फटीतूनच वाकून यायला गेल्या, पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं, तसे चाचा आमच्या दारात आले. "गुरुजी, कोयता हाय का?" एवढंच बोलले. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी मेंदी वीतभर ठेवून तोडली. नंतर खुर्ची घेतली आणि कुंपणाकडे पाठ करून बसले. पुढचे कित्येक दिवस ते तसेच बसत. मी दिसलो की मान न वळवता विचारत, "फुटलं काय?" मी दुखरी कंबर वाकवून बघे आणि "नाही" म्हणे. आम्ही नवरा-बायकोने मिळून म्हाताऱ्याचं चांगलं जगतं कुंपण मारलं, असं मला वाटायला लागलं होतं. बायको मात्र शांत होती. एका सकाळी बुंध्यांवर तांबूस ठिपके दिसले. मी ओरडलो. चाचांचा विश्वास बसेना. चष्मा पुसून ते मातीत उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

दोन पावसाळ्यांत मेंदी जमिनीपासून गच्च भरली. त्यांनी तिला घेर ठेवला, पण घागरा हा शब्द काही तोंडातून काढला नाही. "जरा ढिली फिटिंग ठेवली," म्हणायचे.

यंदा मी निवृत्त झालो. चाचांचे हात आता थरथरतात, डोळ्यांना तर जवळजवळ दिसतच नाही. कात्री मी धरतो आणि ते खुर्चीवर बसून नुसता आवाज ऐकतात. मला ते काम येत नाही. घेर एकीकडे फुगतो, दुसरीकडे दबतो. परवा तासभर कापून मी खाली बसलो, तेव्हा ते उठले आणि कुंपणावरून तळहात फिरवत निघाले. मध्येच एका ठिकाणी बोटं थांबली. तिथे चांगलाच खड्डा पडला होता. मी पुन्हा कात्री उचलली. त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"राहू द्या गुरुजी," म्हणाले. "थकले तुमी."