दाजींचा डाउनरिगर

मासा खात नाही, विकत नाही, पकडत तर नाहीच नाही, आणि तरीही मासेमारी करतो असा अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच इसम आहे. आमचं भाग्य असं थोर की तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे.

दाजी ब्राह्मणपुरीचे. घर शेतीवाडीचं, कडक माळकरी. आम्ही तापीकाठचे, जाळ्यावर जगलेले. मी मास्तर झालो, तरी आप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, नाव अजून काठाला बांधलेली असते. तीसेक वर्षांपूर्वी दाजींनी अक्काला मागणी घातली तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले होते, "पोर दिधी. पन ती मासाबिगर कशी जगी?" तर या गृहस्थांनी छाती पुढे काढून सांगितलं, "मी सोता धरीसन तिले खावाडसू, आप्पा!" पोहता न येणाऱ्या माणसानं दिलेलं हे वचन ऐकून आप्पा दोन दिवस हसत होते. पुढे आप्पा गेले. दाजींच्या आई असेपर्यंत त्या घरात मासा येणं शक्यच नव्हतं. आणि अक्का अशी हट्टी, की माहेरी आली तरी माशाला बोट लावायची नाही. "मी आते त्या घरनी शे," म्हणायची, आणि वरण-भात कालवायची.

दाजींचा जन्म गेला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. त्यामुळे जगात जे जे आहे ते वजनातच असतं अशी त्यांची श्रद्धा. दारात पाहुणा आला की आधी पिशवीकडे बघून "चार किलो आठशे" म्हणणार, मग "या बसा". माझा मुलगा झाला तेव्हा त्याला दोन्ही हातांवर तोलून त्यांनी "दोन सातशे" असा निकाल दिला आणि दवाखान्याचा काटा दुरुस्तीला पाठवा म्हणून नर्सबाईंशी भांडले. बाईंनी त्यांना बाहेर काढलं, ते वेगळं.

गेल्या वर्षी त्यांच्या आई वारल्या. जाताना आपली तुळशीची माळ सुनेच्या हातात देऊन गेल्या. अक्कानं जाहीर केलं, "येती आखाजीले माळ घालसू." झालं! माळ गळ्यात पडली की मासा कायमचा बंद. आप्पांना दिलेलं वचन पुरं करायला दाजींच्या हाताशी उरले अक्षय्यतृतीयेपर्यंतचे, म्हणजे आखाजीपर्यंतचे, तीन महिने.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी म्हटलंही, "दाजी, बजारमा भेटस ना मासा!" त्यावर मी लाच देऊ केल्यासारखं माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "इकत लयसू आसं बोलनू होतू का मी?" मग सुरतला असलेल्या आपल्या मुलाकरवी त्यांनी एक परदेशी यंत्र मागवलं. त्याचं नाव डाउनरिगर. म्हणजे नावेच्या काठाला बसवायची चरखी, तिच्यावर दोरी, दोरीच्या टोकाला जड वजन आणि वजनाच्या वर एक चिमटा. गळाची दोरी त्या चिमट्यात अडकवायची, म्हणजे ती वजनाबरोबर खोल जाते. माशानं ओढली की सुटते. उन्हाळ्यात मासे तळाला जातात, तेव्हा कल्पना चांगलीच. पण चांगल्या कल्पनेवर थांबतील तर ते दाजी कसले! यंत्राबरोबर आलेली पोलादी तार त्यांनी पहिल्याच दिवशी उतरवली. "तार पानीमा गुनगुनस. मासाले आयकू येस." तिच्या जागी आठ पेडांची विणलेली रेशमासारखी दोरी आली. वजन म्हणून किराणा दुकानातलं जुनं पाच किलोचं लोखंडी माप. आणि गांडूळ तर माळकरी माणूस लावणार नाही, म्हणून गळाला गूळ घालून मळलेली ज्वारीची कणीक! तापीतल्या माशांचा इतका पाहुणचार कुणी केला नसेल.

पहिल्या दिवशी नाव मी वल्हवली. माप झोकात खाली गेलं. वर घ्यायला दाजी चरखी फिरवू लागले. चरखी फिरतेय, दोरी जागच्या जागी. विणलेली दोरी गुळगुळीत चरखीवर नुसती सरकत होती. दोघांनी हातांनी ओढून माप वर काढलं आणि तळहात कापून घेतले. मग दाजींनी चरखीवर आधी चिकटपट्टी गुंडाळली आणि तिच्यावर दोरी. या वेळी चरखीनं दोरी धरली, तर मापाची गाठ सुटली. माप तापीला अर्पण. दुसरं माप, दुसरी गाठ, तेही गेलं. गावातल्या दुकानदारांनी मापं लपवायला सुरुवात केली. मी शाळेत, पारावर, सोयऱ्यांत हे सगळं रंगवून सांगत होतो. माझी करमणूक उत्तम चालली होती.

आखाजीच्या आदल्या सकाळी मी गेलो तर दाजी ओट्यावर अठरावी गाठ मारत बसलेले. हाताला चिंध्या. समोर अक्का डाळ निवडत होती. तीन महिने ती "माले कशाले मासा?" एवढंच म्हणत आली होती. बराच वेळ तिनं पाहिलं. मग सूप बाजूला सारलं. "दे अठे," म्हणाली. कधी नव्हे ते नवऱ्याला अरे-तुरे. दोरी दुहेरी केली, मापाच्या कडीतून घातली, भराभरा वेढे दिले, जिभेनं ओली केली आणि दातात धरून आवळली. आप्पांची गाठ. तीस वर्षांत तिची बोटं काही विसरली नव्हती. तिला मासा हवा होता हो! आणि हे फक्त दाजींना ठाऊक होतं. मला, तिच्या सख्ख्या भावाला, नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

त्या दुपारी गाठ टिकली, चिमटा सुटला आणि कणकेला भुलून एक रोहू आला. दाजी ओरडले, "दोन किलो शंभर!" घरी अक्कानं तो तळहातावर तोलला. "दीड किलो शे," म्हणाली. दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा वजनावरून वाद घातला नाही.

अंगणात वेगळी चूल मांडली, पातेलं माझ्या घरून आलं. पहिला तुकडा अक्कानं आप्पांच्या नावानं बाजूला काढला. दिवेलागणीनंतर तिला आता जवळचं नीट दिसत नाही. दाजी समोर मांडी घालून बसले. ज्या माणसानं जन्मात मासा चाखला नव्हता, तो फाटक्या बोटांनी एकेक काटा शोधून काढत होता आणि निवडलेला मासा तिच्या ताटात ठेवत होता. ती खाली मान घालून जेवत होती. उद्या माळ.

मीही जेवलो. माझे काटे मात्र माझे मलाच काढावे लागले.